खुराड्याची किल्ली

२०१९ सालच्या उन्हाळी सुट्टीला आठवडा उरला होता आणि शाळेच्या मागच्या अंगणात ३३ पक्षी होते. मी फळ्यावर सुट्टीच्या दिवसांच्या चौकटी आखल्या आणि आठवीच्या वर्गाला विचारलं, रोज सकाळी साडेसहाला खुराडं कोण उघडणार, पाणी कोण बदलणार, दिवेलागणीला सगळ्यांना आत घेऊन कुलूप कोण लावणार? हात भराभर वर झाले. मग एकेक हात खाली यायला लागला. कुणाला भोरला आजीकडे जायचं होतं, कुणाला बीडला, कुणाला घरात धाकटी भावंडं सांभाळायची होती. शेवटी पाळ्या लागल्या, पण किल्लीचं काय करायचं ते ठरेना. कुलूप एक, किल्ली एक. ती अशा घरी हवी होती जिथे पहाटे कुणीतरी उठलेलं असतं आणि जे शाळेपासून दोन मिनिटांवर आहे.

असं घर एकच होतं. शाळेच्या मागच्या गल्लीत कोंबडीचं दुकान होतं आणि त्या दुकानदाराचा मुलगा आमच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. वडील काय करतात, असं कुणी विचारलं की तो वर्षभर 'धंदा' एवढंच म्हणत आला होता. त्या दिवशी तो आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, "किल्ली आमच्या दुकानात ठेवा, ताई. पप्पा पाचला उठतात." वर्ग गप्प झाला. मीही क्षणभर थांबले, हे कबूल करते. मग किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

पुण्यातल्या एका मराठी शाळेत मी आठवी ते दहावीला 'मूलभूत तंत्रज्ञान' शिकवते. या विषयाचं मूळ पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या त्या कोरडवाहू गावात गेले आणि तिथे त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवड्यातला एक दिवस मुलांनी हातांनी काम करायचं आणि ते काम कुणाच्या तरी खऱ्या गरजेचं असायचं, अशी त्यांची मांडणी. वेल्डिंग, वीजजोडणी, रक्तगट तपासणी, शेती, पशुपालन, सगळं त्यात येतं. गावच्या शाळेत हे सहज बसतं. आमच्याकडे मात्र डांबर उखडलेलं, दोन गुंठ्यांहूनही लहान अंगण होतं आणि वर गच्ची.

गच्चीवर माती चढवायला मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी नकार दिला, आणि तो बरोबर होता. मुलांनी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खोका ओल्या मातीने भरला आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला. ४७ किलो भरला. आम्हाला हवे होते २०० चौरस फूट. गुणाकार झाल्यावर वर्गाने वर छताकडे पाहिलं. साडेनऊ टनांच्या आसपासचं ते ओझं स्लॅबवर टाकायचं नाही, हे मग मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मार्ग आधीच्या माणसांनी काढून ठेवलेला होता. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून पालापाचोळ्याची माती करायला कित्येकांना शिकवलं, आणि मुंबईत वांद्र्याच्या गच्चीवर डॉ. दोशींनी उसाच्या चिपाडांत भाजी पिकवून दाखवली. चिपाडं आम्हाला कोपऱ्यावरच्या रसवंतीतून फुकट मिळाली. पाला तर रस्त्याकडेला पेटवायलाच निघालेला असायचा. उभे कापलेले निळे पिंप, रंगाचे डबे आणि फळांचे क्रेट यांत चिपाडं, पाला आणि वर चार बोटं माती असं भरत गेलो. एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ आणि १० लिटर पाणी यांचं अमृतजल तीन दिवस ढवळून, दसपट पाणी घालून शिंपायचो. पहिली मेथी अठ्ठाविसाव्या दिवशी काढली.

मेथीपेक्षा मला त्या दिवसांतले एक वडील जास्त आठवतात. दुपारच्या पाळीवरून सरळ शाळेत आले होते. "मॅडम, मी शेण काढायचं सुटावं म्हणून गाव सोडलं," ते म्हणाले. "पोरगं इथं येऊन तेच करतंय." आवाज चढला नव्हता. त्यामुळेच मला उत्तर सुचेना. माझे वडीलही जुन्नरच्या शेतातून मला असंच म्हणाले असते. किंबहुना मी कृषी पदविका घेतली तेव्हा म्हणालेच होते. शहरात बागकाम म्हटलं की सोसायटीच्या बाल्कनीतला सुखाचा छंद डोळ्यांसमोर येतो. ज्यांच्या घरातून नुकतीच शेती सुटली आहे, त्यांच्या मुलांच्या हातात कुदळ देताना आपण कुठल्या जखमेला हात लावतो आहोत, याचा विचार मी तोवर केला नव्हता. मी त्यांना फक्त गच्चीवर नेलं. त्यांनी वांग्याच्या पिंपात बोट खुपसलं, वास घेतला आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "पाणी जास्त होतंय. खाली भोक मोठं पाड." मुलाने त्याच संध्याकाळी पाडलं. पुढे तीच वांगी आम्ही जाळली. कोंबडखत ताजं टाकू नये, दोन-तीन महिने कुजवावं लागतं, ते फार उष्ण असतं, हे मला ठाऊक होतं. पण घाईत मी मुलांना अडवलं नाही. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. त्या वडिलांना मुलाने घरी जाऊन सांगितलं, आणि पुढच्या शनिवारी ते नवी रोपं घेऊन आले.

पण मला सांगायचं आहे ते त्या उन्हाळ्याआधीच्या जानेवारीतल्या एका रात्रीबद्दल.

पिल्लं आम्ही खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून आणली होती. गिरीराज जातीची, एक दिवसाची, ५०. पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या खोक्यातून रिक्षाने येताना मुलांनी तो खोका मांडीवर आळीपाळीने धरला. जुन्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पत्र्याचं गोल कडं केलं, आत भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्र आणि मधोमध टांगलेला १०० वॅटचा पिवळा बल्ब. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, मग आठवड्याला दोन-तीन अंश उतरवत न्यायची. थर्मामीटर होता, पण दोन दिवसांत मुलांना त्याची गरज उरली नाही. पिल्लं बल्बखाली दाटीवाटीने बसली की गारठा आहे, कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकत असली की गरम होतंय, आणि दाणे सांडल्यासारखी सगळीकडे पसरलेली असली की ठीक. वर्गात एरवी कुणाकडे धड न बघणारी मुलं पिल्लांकडे बघून तापमान सांगायची. सातव्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले आणि मानमोडीच्या लसीचा एकेक थेंब डोळ्यात घातला. राणीखेत हे रोगाचं दुसरं नाव हिमालयातल्या गावावरून पडलं, हेही त्यांनीच सांगितलं. पिल्लू मुठीत कसं धरायचं, म्हणजे निसटणारही नाही आणि दबणारही नाही, हे शिकायला त्या तळहातांना अख्खा तास लागला.

अकराव्या रात्री वीज गेली. पहाटे कधीतरी आली. मी सकाळी साडेसातला दार उघडलं तेव्हा बल्ब चालू होता आणि कडेला पिल्लांचा ढीग होता. थंडी वाजली की ती एकमेकांच्या अंगाखाली शिरतात. वरची जगतात, खालची गुदमरतात. वरची बाजूला केल्यावर खाली १४ मेलेली निघाली.

मुलं यायच्या आत ती उचलून टाकावीत, असं माझ्या मनात आलं. टोपलीही घेतली होती. पण तेवढ्यात पाळीची मुलगी दारात उभी राहिली. तिच्या घरी माळ आहे. वडील आणि आजोबा दोघे वारीला जातात, घरात मांसाचा विषय नसतो. तिने माझ्या हातातली टोपली बघितली, मग खाली बसून एकेक पिल्लू मोजलं. वहीत लिहिलं. नंतर वर बघून विचारलं, "ताई, लाइट गेली तर काय करायचं, ते तुम्ही का नाही सांगितलं?"

त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी विसरले होते. पुण्यात जानेवारीच्या रात्री वीज जाऊ शकते, हे मला कळत होतं. लहानपणी आमच्या घरी वीजच नव्हती आणि आजी पिल्लं कोंबडीसकट डालग्यात घालून चुलीजवळ ठेवायची, हे मी रोज बघितलेलं होतं. तरीही बल्ब लावून मी निर्धास्त घरी गेले. मी सगळ्या वर्गासमोर हे असंच सांगितलं: चूक माझी आहे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून 'थोडी पिल्लं मरतातच' असं म्हणता आलं असतं. काही मरतात, हे खरंही आहे. पण ही १४ त्यातली नव्हती.

त्या दिवशी तास मी घेतला नाही, मुलांनी घेतला. कोळशाची शेगडी कुणीतरी सुचवली. बंद खोलीत धूर कोंडून माणूसही दगावतो म्हणून ती बाद झाली. शेवटी पाच लिटरच्या कॅनमध्ये गरम पाणी भरायचं, कॅन गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवायचे, वरून गोधडी झाकायची आणि फटीतून हवा ठेवायची, असं ठरलं. रात्रीचं कोण? शाळेच्या आवारातच राहणाऱ्या शिपाईमामांनी मोबाइलला गजर लावायचं कबूल केलं, आणि वीज गेली तर त्यांनी कुणाच्या घरी फोन करायचा, हे भिंतीवर खडूने लिहिलं गेलं. पुढच्या तीन आठवड्यांत वीज दोनदा गेली. दोन्ही वेळा पिल्लं सकाळी पसरलेली होती. अशक्त होती त्यांतली तीन नंतर गेली. ३३ उरली.

उन्हाळ्यात किल्ली कोंबडीच्या दुकानात होती आणि ३३चे ३३ पक्षी जूनमध्ये जागेवर होते. त्यांत १५ कोंबडे होते. एका जागी १५ कोंबडे म्हणजे पहाटे साडेचारपासून बांग आणि दिवसभर मारामाऱ्या. कोंबड्यांच्या पाठीची पिसं निघायला लागली. शेजारच्या इमारतीतून तक्रारीचं पत्र आलं. कोंबडे ठेवता येणार नव्हते, आणि ते कुठे जाणार हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. कुणी तोंडाने म्हणत नव्हतं.

बोलला तो दुकानदाराचा मुलगा. "पप्पा घेतील. वजनावर भाव देतील, गावरानचा." मागच्या बाकावरून कुणीतरी त्याला 'खाटीक' म्हटलं. तो लाल झाला, पण खाली बसला नाही. तुम्ही रविवारी काय खाता, असं त्याने विचारलं. मग, कुणी न विचारता, तो सांगायला लागला. सुरी रोज दोनदा परजावी लागते, धार कमी असली की जनावराला त्रास होतो. पक्षी पायाला धरून उलटा नेला की घाबरतो. दोन्ही पंख अंगाशी दाबून छातीखाली हात द्यायचा. एका कोंबड्याला धरून त्याने दाखवलं. कोंबडा खरंच शांत झाला. मी त्याला आठवीचं वर्षभर शिकवत होते आणि त्याला एवढं येतं हे मला माहीत नव्हतं.

माळकरी घरातली ती मुलगी उठली. "मी खात नाही, खाणार नाही," ती म्हणाली. "पण दाणा मी घातलाय. वजन मी लिहिणार." शनिवारी पंधराही कोंबडे मुलांनी छातीशी धरून मागच्या गल्लीत नेले. ती काट्याशी वही घेऊन उभी होती. दोन मुलं यायला तयार नव्हती, त्यांना कुणी आग्रह केला नाही. आलेल्या पैशांतून जाळी आणि दोन महिन्यांचं खाद्य आलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहिलं अंडं मिळालं. लहान, कवचावर रक्ताची बारीक रेघ. ते वर्गभर फिरलं आणि एका मुलाने विचारलं, "कोंबडे तर गेले, मग अंडं कसं आलं?" हसू फुटलं, त्या वयातलं, कोपर मारून हसायचं हसू. मी ते थांबवलं नाही, उत्तर दिलं. अंडं कोंबडी आपलं आपण तयार करते. कोंबडा लागतो तो पिल्लासाठी. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर यायला साधारण २५ तास लागतात, त्यातले वीसेक तास कवच चढण्यातच जातात. म्हणून आज आठला दिलेलं अंडं उद्या नऊला, परवा त्याहून उशिरा येतं आणि मग एखाद दिवस खाडा पडतो. मुलांनी एका कोंबडीच्या पायाला लाल दोरा बांधून आठ दिवस वेळा लिहिल्या, आणि तसंच दिसलं.

तास सुटल्यावर नळावर पाण्याची भांडी घासताना एका मुलीने हळूच विचारलं, "ताई, आमचं दर महिन्याला येतं, तेपण असंच का?" मी म्हटलं, बरंचसं असंच. शरीर बीज तयार करतं, त्याचा उपयोग झाला नाही तर केलेली तयारी बाहेर टाकतं. आजारपण नाही, विटाळ तर नाहीच. तिने भांडं विसळलं आणि म्हणाली, "हे मुलांनापण सांगा ना." पुढच्या तासाला मुलगे आणि मुली एकत्र बसवून सांगितलं. त्या तासाला कुणी कोपर मारलं नाही. विज्ञानाच्या पुस्तकात तो धडा होता. माझ्या शाळकरी वयात आमच्या बाईंनी तो 'घरी वाचा' म्हणून सोडला होता.

अंडी दहा रुपयांना एक अशी शिक्षकच घ्यायचे. १८ कोंबड्या, दिवसाला सात-आठ अंडी. खाद्य कोंबडीमागे ११० ग्रॅमच्या वर; गच्चीवरची राजगिऱ्याची देठं आणि किडका पालक घालून थोडं वाचायचं. हिशेबाची वही मुलं ठेवत. एकदा एका मुलाने विचारलं, "आमची मजुरी कुठल्या रकान्यात?" तो रकाना आम्ही आखला. त्या दिवशी नफा गेला आणि तोटा आला, आणि शेतकऱ्याच्या घरून आलेल्या मुलांनी माना डोलावल्या.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. त्याआधीच कोंबडीतून करोना होतो अशी अफवा पसरली होती आणि मागच्या गल्लीतल्या दुकानात दिवस दिवस गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. एक कोंबडी मुंगसाने नेली होती. उरल्या होत्या १७. दोन दिवसांत मुलांनी त्या वाटून घेतल्या. दहा बाय बाराच्या खोल्यांमधून, जिन्याखाली, पत्र्यावर, एक-दोन. सहा दुकानदाराच्या पिंजऱ्यात गेल्या, पायांना लाल दोरे बांधून, विकायच्या कोंबड्यांशी मिसळू नयेत म्हणून. माळकरी घरात दोन गेल्या. आजोबांनी एकच अट घातली होती, अंडी घरात आणायची नाहीत. ती शेजारी वाटायची.

मी सांगितलं होतं, जे होईल ते लिहा. वहीची पानं फोटो काढून माझ्या फोनवर येत राहिली. कुणी अंड्यांचा आकडा लिहायचं, कुणी 'खाद्य संपलं, भाकरी भिजवून दिली' असं. मे महिन्यात एक पान आलं: 'आज एक कोंबडी घरी केली. बाबांचं काम बंद आहे. वजन दोन किलो.' मी बराच वेळ ते पान बघत बसले. मग लिहिलं, नोंद बरोबर आहे. पुढे अशी आणखी पानं आली. कुणी लपवलं नाही. दुकानातल्या सहापैकी मात्र एकही कापली गेली नाही, गल्ला रिकामा असतानाही.

गच्ची उन्हात गेली. शिपाईमामांनी जमेल तेवढं पाणी घातलं. शेवगा, कढीपत्ता आणि नळाजवळचं अळू तगलं.

४ ऑक्टोबर २०२१ला शाळेचे वरचे वर्ग पुन्हा भरले. ती मुलं तोवर परीक्षेविना दहावी पास होऊन अकरावीला गेली होती. दुकानदाराच्या मुलाने चार कोंबड्या आणून सोडल्या; दोन मधल्या काळात मेल्या, असं वहीत होतं. त्याने किल्ली परत देऊ केली. मी ती त्याच्याकडेच ठेवायला सांगितली. अजून ती त्यांच्या गल्ल्याच्या खणात असते.

माळकरी घरातली मुलगी दुसऱ्या दिवशी आली, काखेत एक कोंबडी. मानेची आणि शेपटीची पिसं झडलेली. आठवीची नवी मुलं भोवती जमली. कोंबडी आजारी आहे का, असं त्यांनी मला विचारलं, पण तीच खाली बसली. पंख उलगडून कातडीतून वर येणारी निळसर टोकं दाखवली. जुनी पिसं जातात, नवी येतात, तोवर अंडं देत नाही, ती म्हणाली.

जानेवारीत खडकीहून नवीन खोका यायचा होता. तिने विचारलं, त्या रविवारी मी येऊ का. आली. पत्र्याचं कडं, तूस, वर्तमानपत्र, बल्ब. मुलं पिल्लांवर वाकून दाटीवाटीने उभी होती. ती दाराजवळच्या भिंतीशी गेली, खडूची जुनी अक्षरं पुसट झाली होती ती हाताने पुसली आणि खडू मागितला.

"पिल्लं नंतर बघा," ती म्हणाली. "आधी लाइट गेली तर काय करायचं ते सांगते."